अतिविचार आणि चालढकल: अंतर्मुख, चिकित्सक माणसांसाठी कामाला लागण्याची पद्धत

अंतर्मुख आणि चिकित्सक स्वभावाच्या माणसांची चालढकल चारचौघांच्या चालढकलीपेक्षा वेगळी दिसते, आणि म्हणूनच ती लवकर ओळखू येत नाही. कामाचा कंटाळा आला म्हणून कोणी तासन्‌तास मोबाइल चाळत बसला, तर तो काम टाळतो आहे हे त्याला स्वतःलाही कळत असते. चिकित्सक माणूस मात्र त्याच वेळात त्या कामाविषयी आणखी वाचत असतो, पर्याय ताडून पाहत असतो, संभाव्य अडचणींची मनातल्या मनात उजळणी करत असतो, आणि दिवस संपताना आपण कामच करत होतो असे त्याला मनापासून वाटते. काम मात्र सकाळी जिथे होते तिथेच असते.

या लेखाचा सारा भर या एकाच गोष्टीवर आहे. अशा माणसाची टाळाटाळ विचाराचे रूप घेऊन येते, कारण विचार करणे हीच त्याला सर्वांत चांगली जमणारी आणि सर्वांत सुरक्षित वाटणारी गोष्ट असते. डोक्यात केलेला बेत कोणी तपासत नाही, नाकारत नाही, त्यावर हसतही नाही. म्हणून 'फार विचार करू नकोस' हा सल्ला त्याच्या काही उपयोगाचा नसतो. त्याच्या विचाराला ठरावीक जागा, ठरावीक मुदत आणि लेखी रूप मिळाले, तर तीच बुद्धी कामाला जुंपता येते. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

स्वभावावर खापर फोडू नये

कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख या वृत्तींची सविस्तर मांडणी केली आणि पुढे व्यक्तिमत्त्वाचे प्रकार सांगणाऱ्या चाचण्या लोकप्रिय झाल्या. आपण कोणत्या प्रकारात बसतो हे कळल्यावर अनेकांना मोठा दिलासा मिळतो आणि तो खराही असतो, पण त्याच लेबलाची पुढे ढाल होते. 'माझा प्रकारच असा आहे' असे म्हटले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पियर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरील अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. चालढकलीशी घट्ट नाते आढळले ते कामाविषयीच्या नावडीशी, फळ हाती येण्यास लागणाऱ्या विलंबाशी, 'मला हे जमेल' या विश्वासाच्या अभावाशी आणि मनाच्या उतावळेपणाशी. परिपूर्णतेच्या ध्यासाशी तिचे नाते अगदी क्षीण निघाले. 'सगळे नीटनेटके हवे असते म्हणून माझे काम अडते' हे स्पष्टीकरण आपल्याला आवडते, कारण त्यात आपला मान राहतो. पण बहुतेक वेळा घोडे दुसरीकडेच अडलेले असते.

ते कोठे अडते? फ्युशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडले की चालढकल ही मुळात तात्पुरता मूड सांभाळण्याची धडपड आहे. काम समोर आले की धास्ती, कंटाळा किंवा कमीपणा जाणवतो आणि ते दूर सारले की लगेच बरे वाटते. डायान टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात या सौद्याची किंमत दिसली: चालढकल करणाऱ्यांना सत्राच्या सुरुवातीला ताण कमी होता, पण अखेरीस तो इतरांपेक्षा वाढला, आजारपणाच्या तक्रारी वाढल्या आणि गुणही कमी पडले.

पहिली पायरी: विचार आणि गुऱ्हाळ यांतला फरक ओळखणे

उपयोगी विचार आणि विचारांचे गुऱ्हाळ आतून अगदी सारखेच भासतात. फरक दिसतो तो फक्त त्यातून काय निघाले यावरून. म्हणून साधी कसोटी लावावी. अर्धा तास विचार केल्यावर स्वतःला विचारावे की या वेळात नवी माहिती मिळाली का, एखादा निर्णय झाला का, किंवा एखादी ओळ तरी लिहून झाली का. तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तर आपण विचार करत नव्हतो, घोळवत होतो.

दुसरी खूण प्रश्नांच्या स्वरूपात असते. सुझन नोलन-होक्सेमा यांनी १९९० च्या दशकात दाखवले की आपल्या वाईट मनःस्थितीची कारणे आणि परिणाम पुन्हा पुन्हा उगाळण्याने ती मनःस्थिती लांबते. एडवर्ड वॉटकिन्स यांनी त्यात एक मोलाची भर घातली: तोच विषय पुन्हा पुन्हा मनात येणे सरसकट वाईट नसते, तो अमूर्तपणे आला तर खच्ची करतो, ठोसपणे आला तर मार्ग दाखवतो. 'माझे हे नेहमी असेच का होते' हा प्रश्न अमूर्त आहे आणि त्याला तळ नाही. 'मंगळवारी मी फाइल उघडून नेमका कोणत्या परिच्छेदापाशी थांबलो आणि पुढे काय करता आले असते' हा प्रश्न ठोस आहे आणि त्याचे उत्तर पाच मिनिटांत मिळते. चिकित्सक माणसाला 'का' हा प्रश्न अधिक खोल वाटतो, म्हणून तो 'का' पाशीच घुटमळतो. स्वतःच्या अडकण्याविषयी विचार करताना 'का' बाजूला ठेवून 'कोठे', 'केव्हा' आणि 'कसे' हेच प्रश्न वापरावेत, असे माझे ठाम मत आहे.

आठवडाभर एका वहीत छोट्या नोंदी ठेवाव्यात: कोणते काम, किती वाजता बाजूला सारले, त्या क्षणी मनात काय आले, आणि त्याऐवजी काय केले. नोंद एका ओळीची असावी आणि तिच्यावर भाष्य नसावे. या नोंदींतून साधारणपणे दोन-तीनच प्रकारची कामे पुन्हा पुन्हा वर येतात, आणि पुढचे उपाय त्यांच्यावरच चालवायचे असतात.

दुसरी पायरी: डोके कागदावर रिकामे करणे

ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मध्येच तोडलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहिलेली दिसली. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी तितक्या स्पष्टपणे आढळला नाही, पण अर्धवट कामांचा भुंगा डोके पोखरत राहतो हा अनुभव सर्वांचा आहे. व्यवहाराच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे काम मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचे, २०११ मधले. अपूर्ण उद्दिष्टाविषयीचे मध्येमध्ये डोकावणारे विचार थांबण्यासाठी ते पूर्ण होण्याची गरज नसते. ते केव्हा, कोठे आणि कसे करायचे याची नेमकी योजना केली तरी मन शांत होते. अतिविचाराने थकलेल्या माणसासाठी याहून दिलासा देणारी बाब क्वचितच असेल.

मात्र योजना नेमकी हवी, आणि बहुतेक यादी इथेच फसते. एक उदाहरण जवळून पाहू. एका व्यक्तीला आपल्या जुन्या वरिष्ठांकडे शिफारसपत्र मागायचे आहे. काम ईमेलच्या आठ ओळींचे, पण तीन आठवडे त्याचे भिजत घोंगडे पडले आहे. मनात चाललेले असे असते: त्यांना मी आठवत असेन का, आठवत असेन तर इतक्या दिवसांत संपर्क का ठेवला नाही असे त्यांना वाटेल का, आधी नुसती विचारपूस करावी का, पण विचारपूस करून लगेच काम सांगितले तर ते स्वार्थी दिसेल, सुरुवात 'आदरणीय' अशी करावी की 'नमस्कार' अशी, आणि त्यांनी नकार दिला तर दुसरे कोण. यादीत या सगळ्याच्या नावाने एकच शब्द लिहिलेला असतो: 'शिफारसपत्र'. हा शब्द दिसला की सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात आणि नजर पुढच्या ओळीकडे सरकते.

हेच काम कागदावर असे उतरवावे. आधी मनातले सगळे प्रश्न, कितीही क्षुल्लक वाटोत, एकाखाली एक लिहावेत. मग प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करावी: 'माहिती हवी', 'निर्णय हवा' किंवा 'माझ्या हातात नाही'. त्यांना मी आठवत असेन का, ते काय समजतील आणि ते नकार देतील का, हे तिन्ही प्रश्न माझ्या हातात नाहीत. त्यांवर रेघ मारावी. आधी विचारपूस करावी का आणि मायना काय असावा, हे निर्णय आहेत. ते तिथल्या तिथे करून टाकावेत, कारण दोन्ही पर्याय चालण्यासारखे आहेत. दुसरे कोण, ही माहिती आहे; एक नाव बाजूला लिहून ठेवले की झाले. यानंतर पहिली कृती उरते: जुन्या ईमेलमधून त्यांच्या हाताखाली केलेल्या प्रकल्पाचे नाव आणि काळ शोधून एका ओळीत लिहिणे. याला दहा मिनिटे लागतात आणि यात कोणाला तोंड द्यावे लागत नाही. ती ओळ लिहून झाली की पत्राचा मधला भाग जवळजवळ तयारच असतो.

यादीतली प्रत्येक ओळ क्रियापदाने संपावी आणि ती वाचून हात कोठे न्यायचा हे कळावे, एवढा एकच नियम पाळावा. 'अहवाल' ही ओळ नाही. 'अहवालाच्या तिसऱ्या भागातील आकडे मूळ तक्त्याशी ताडून पाहणे' ही ओळ आहे.

तिसरी पायरी: 'जर–तर' ची गाठ

पीटर गॉल्विट्झर यांनी सुचवलेला उपाय इतका साधा आहे की बुद्धिमान माणसे त्याला हसून सोडून देतात. 'मी हे काम करीन' असे ठरवण्याऐवजी 'जर अमुक वेळ किंवा प्रसंग आला, तर मी अमुक कृती करीन' असे ठरवावे. २००६ मध्ये गॉल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी ९४ स्वतंत्र चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा उद्दिष्ट गाठण्यावर या पद्धतीचा मध्यम ते मोठा परिणाम दिसला. चिकित्सक माणसाला ती विशेष लागू पडते, कारण त्याचा बराचसा वेळ 'आता सुरू करावे का' या वाटाघाटीत जातो, आणि जर–तर मुळे ती वाटाघाट आदल्या दिवशीच संपलेली असते.

आपल्या नेहमीच्या सुटकेच्या वाटेलाही एक जर–तर बांधावे. 'जर लिहिताना एखादी गोष्ट आणखी वाचून पाहावीशी वाटली, तर ती शेजारच्या कागदावर टिपून मी चालू वाक्य पूर्ण करीन.' माझ्या मते संपूर्ण पद्धतीतले सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे. वाचनाची ओढ दडपायची नाही, तिला रांगेत उभे करायचे.

चौथी पायरी: निर्णयाला कुंपण

हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले की माणसाची माहिती आणि वेळ दोन्ही मर्यादित असल्याने सर्वोत्तमाचा शोध बहुधा अव्यवहार्य ठरतो. आधी ठरवलेल्या अटी पूर्ण करणारा पहिला पर्याय घेणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असेही नोंदवले की प्रत्येक बाबतीत सर्वोत्तमच शोधणारी माणसे 'पुरेसे चांगले' स्वीकारणाऱ्यांपेक्षा कमी समाधानी असतात आणि त्यांना पश्चात्ताप अधिक होतो.

प्रत्यक्षात हे असे करावे. समजा लॅपटॉप घ्यायचा आहे. पहिला लॅपटॉप पाहण्याआधी तीन अटी लिहाव्यात: वजन किती चालेल, कोणते सॉफ्टवेअर त्यावर सुरळीत चालायला हवे, आणि खर्चाची कमाल मर्यादा. मग शोधाला तारीख लावावी, उदाहरणार्थ रविवारी संध्याकाळपर्यंत. त्या वेळी अटींत बसणाऱ्या पर्यायांपैकी जो हाती असेल तो घ्यावा आणि खरेदीनंतर तुलनात्मक परीक्षणे वाचणे थांबवावे. पर्याय पाहताना मनात नवी, चौथी अट उगवली, तर तिच्याकडे संशयाने पाहावे. बहुतेकदा ती निर्णय पुढे ढकलण्यासाठी आलेली असते. निर्णय सहज फिरवता येण्यासारखा असेल तर त्याला एका दिवसाहून अधिक देऊ नये. नोकरी सोडणे, मोठे कर्ज घेणे, शस्त्रक्रियेसारखा उपचार निवडणे, अशा परत न फिरणाऱ्या निर्णयांना मात्र खुशाल वेळ द्यावा. तिथे चिकित्सकपणा हे भूषणच आहे.

पाचवी पायरी: पंचवीस मिनिटे आणि वाईट पहिला मसुदा

फ्रान्सिस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस २५ मिनिटे काम आणि मग छोटी विश्रांती अशी पद्धत बसवली. ती सर्वश्रुत आहे, म्हणून तिच्याविषयी फार सांगत नाही. एवढेच की अतिविचारी माणसाने या मिनिटांचे उद्दिष्ट दर्जाचे ठेवू नये, प्रमाणाचे ठेवावे: 'चांगली प्रस्तावना' नव्हे, 'प्रस्तावनेच्या दहा ओळी, कशाही'. लिहिणे आणि तपासणे ही दोन कामे दोन वेगळ्या बैठकांत करावीत. एकच माणूस एकाच वेळी लेखक आणि परीक्षक झाला की परीक्षक नेहमी जिंकतो.

सहावी पायरी: काळजीला वेळ नेमून देणे

थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली पद्धत अशी: रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा. दिवसभरात काळजी डोके वर काढेल तेव्हा ती टिपून ठेवायची, त्या वेळेवर सोपवायची आणि हातातल्या कामाकडे वळायचे. ही वेळ झोपेच्या तोंडावर नसावी आणि जागा बिछान्यावर नसावी. अर्ध्या तासात टिपलेल्या ओळी एकेक वाचाव्यात. बऱ्याचशा तोवर निवलेल्या असतात, आणि ज्या उरतात त्यांवर दुसऱ्या पायरीतल्या तीन खुणा कराव्यात. एखादी काळजी फारच चिकट असेल, तर स्वतःला 'मी' न म्हणता नावाने संबोधून, जिवलग मित्राला सांगावे तसे दोन वाक्ये लिहावीत. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्वतःशी असे बोलणाऱ्यांना दडपणाच्या प्रसंगी स्वतःच्या भावना अधिक चांगल्या आवरता आल्या.

सातवी पायरी: मुदत आणि माणसे

आपण लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, हे डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच नोंदवले होते. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत होईल असे सांगितले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणून वेळेचा अंदाज बांधताना या कामाचे टप्पे मोजण्यापेक्षा यापूर्वीच्या तशाच कामाला खरोखर किती दिवस लागले होते, तो आकडा पाहावा.

माणसांचा भाग अंतर्मुख व्यक्तीसाठी सर्वांत नाजूक असतो आणि नेहमीचे सल्ले इथे उलटतात. 'आपले ध्येय सगळ्यांना जाहीर करा' हे ऐकूनच तिला धडकी भरते, आणि गटात रोज हजेरी लावायची तर तिची सगळी शक्ती त्यातच खर्च होते. एकच विश्वासू माणूस पुरतो. त्याला आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी दोन ओळींचा लेखी संदेश पाठवावा: काय झाले आणि पुढे काय. त्याने सल्ला देऊ नये, फक्त 'वाचले' म्हणावे, हे आधीच स्पष्ट सांगून ठेवावे. कोणी शेजारी किंवा व्हिडिओ कॉलवर न बोलता आपापले काम करत बसले, तरीही बऱ्याच जणांचे काम पुढे सरकते.

जी कामे फोन करण्यावाचून होत नाहीत, ती सर्वाधिक रेंगाळतात. त्यांसाठी तीन वाक्ये लिहून समोर ठेवावीत: मी कोण, मला काय हवे आहे, आणि समोरच्याने 'आत्ता होणार नाही' असे सांगितले तर मी काय विचारीन. तिसरे वाक्य सर्वांत आवश्यक, कारण अडखळण्याची भीती तिथेच असते. असे सगळे फोन एकाच दिवशी, ताज्या मनाच्या वेळी उरकावेत आणि त्यानंतर एकांत राखून ठेवावा. हा एकांत अंतर्मुख माणसाची गरज आहे, त्याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण नाही. मात्र विश्रांतीला संपण्याची वेळ असते आणि पळवाटेला नसते, म्हणून उठण्याची वेळ आधीच ठरवलेली असावी.

या पायऱ्यांच्या पलीकडचे

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, आवडत्या गोष्टींतला रस गेला असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, किंवा लहानपणापासूनच लक्ष एकाग्र होत नसेल, तर वह्या आणि याद्या पुरेशा नाहीत. नैराश्य, चिंताविकार आणि लक्ष-न्यूनता यांची लक्षणे चालढकलीसारखीच दिसू शकतात आणि त्यांवर चांगले उपचार आहेत. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे आणखी वाचन होईपर्यंत थांबवू नये. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

खंड पडल्यावर

ही घडी कधी ना कधी मोडणार, हे गृहीतच धरावे. अतिविचारी माणसाचा खरा घात मोडल्यानंतरच्या दिवसांत होतो, कारण तो आपल्या अपयशाचे विश्लेषण करायला बसतो आणि ते विश्लेषणच नवी टाळाटाळ होते. मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. स्वतःला झोडपल्याने शिस्त लागते हा समज चिकित्सक माणसांत फार खोल रुजलेला असतो. तो सोडणे अवघड जाते, पण सोडावाच. खंड पडल्यावर नवी पद्धत शोधू नये, वहीचे नवे पान सजवू नये, चुकलेल्या दिवसांची भरपाई करण्याचा बेतही आखू नये. जे काम अर्धवट राहिले त्याची शेवटची पूर्ण झालेली कृती कोणती, हे एका ओळीत लिहावे, तिच्या पुढची कृती मूळ आकाराच्या निम्मी करावी, आणि ती त्याच दिवशी, आणखी काही वाचण्याआधी करावी.